पाण्याचा थेंब बाहेर ठेव

पोरी, एरंडोलात साबण-मलमांचा धंदा उभा करायचा म्हणतेस, तर सुरुवात बिनपाण्याच्या मालाने कर. नुसत्या तेला-मेणात जंतू सहजी वाढत नाहीत. कोरफडीचा ताजा गर किंवा गुलाबपाणी घातलेलं क्रीम परिरक्षकाशिवाय काही दिवसांत बिघडतं, आणि बुरशी डोळ्यांना दिसते तोवर उशीर झालेला असतो. ‘आमच्यात केमिकल नाही’ या हट्टापायी गिऱ्हाइकाच्या तोंडाला जंतू चोपडू नयेत. बरणी, चमचा, हात, सगळं कोरडं हवं. पावसाळ्यात तर दुप्पट जप.

मग आपलं ऊन. खोबरेल 25 अंशांच्या आसपास पातळ होतं आणि मे महिन्यात खान्देशात पारा 45 ला टेकतो. पुण्या-मुंबईची कृती इथे जशीच्या तशी चालायची नाही. मधमाशांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, मलमाला आधार त्याचाच. थंडीत एक भाग मेणाला पाच भाग तेल घे, चैत्र-वैशाखात तीनच. भरलेली डबी दुपारभर पत्र्याच्या खोलीत ठेवून बघ. तिथे टिकली तरच बाजारात ने.

साबणाला वजनकाट्याशिवाय हात लावू नकोस. 100 ग्रॅम खोबरेलाला कॉस्टिक सोडा साधारण 18 ग्रॅम लागतो, तेवढ्याच एरंडेलाला 13 ग्रॅम. तेल बदलून सोडा तोच ठेवलास तर कातडी भाजेल. दरवेळी कोणत्या तेलाला किती सोडा लागतो त्या तक्त्यावरून हिशेब कर आणि पाचेक टक्के सोडा कमीच धर. सोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं तर नकोच, त्यात पेट घेणारा वायू तयार होतो. चष्मा, हातमोजे घाल, पोरंबाळं लांब ठेव. बोअरचं जड पाणी न वापरता डिस्टिल्ड घे. एरंडेलाने फेस छान टिकतो, पण दहा टक्क्यांपुढे गेलीस की वडी चिकट होते. वड्या चार ते सहा आठवडे वाऱ्यावर राहू देत. दिवाळीचा माल श्रावण-भाद्रपदातच ओतलेला बरा.

झाडपाल्याचं म्हणून सगळं त्वचेला मानवतं, असं समजू नकोस. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, फोडही येतात. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांब.

विको कंपनीची सुरुवात केशव विष्णु पेंढरकरांनी 1952 मध्ये मुंबईत, परळला, दंतमंजनापासून केली. तूही एक-दोनच वस्तू धर. त्यांच्या हळदीच्या क्रीमला औषध म्हणायचं की प्रसाधन, हा अबकारी खात्याशी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून डबीवर ‘गजकर्ण बरं होतं’ असलं काही छापू नकोस. तसा दावा केला की माल औषधात मोडतो. घटक, बॅच, मुदत आणि पत्ता मात्र स्वच्छ लिही. प्रत्येक बॅचची एक डबी मुदत संपेपर्यंत घरात राखून ठेव. आणि 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे परवाना हातात येईपर्यंत एकही वडी विकू नकोस.