प्रोबायोटिक घेण्यापूर्वी वाणाचं नाव विचारा

‘माणसाच्याच आतड्यातले जिवाणू आहेत, मग अपाय कसला?’ प्रोबायोटिक कॅप्सूलबद्दल हे वारंवार कानावर येतं. आतड्यातला प्रत्येक रहिवासी सज्जन नसतो. तिथे एन्टरोकॉकस असतात, ई. कोलायही असतो, आणि संधी मिळाली की त्यांतले काही रक्तातही शिरतात.

याच ई. कोलायचं एक वाण मात्र औषध म्हणून विकलं जातं. 1917 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला आल्फ्रेड निस्ले यांनी एका सैनिकाच्या शौचातून ते वेगळं केलं. त्याच्या आसपासचे सैनिक आमांशाने बेजार झाले होते, हा मात्र ठणठणीत होता. निस्ले यांचा तर्क सरस होता. पण पुढे त्याच वाणात डीएनएला इजा करणारा पदार्थ तयार करणारी जनुकं सापडली, आणि त्याच्या सुरक्षिततेवर अजून चर्चा चालू आहे. निरोगी माणसाच्या पोटातून आला, एवढ्यावर कुठलाही जिवाणू पास होत नाही तो यासाठीच.

मग पारख कशी करतात? आधी त्याची ओळख पक्की करतात, आणि तीही वाणापर्यंत. आंबा मागितला म्हणजे हापूसच मिळेल असं नाही. तसं नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ म्हटल्याने काहीच कळत नाही. मग जठरासारख्या आम्लात आणि पित्तात तो तगतो का, आतड्याच्या पेशींना चिकटतो का, रोगजंतूंना रोखतो का, हे प्रयोगशाळेत तपासतात. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात गोरबाक आणि गोल्डिन यांनी निरोगी माणसाच्या आतड्यातून निवडलेलं ‘जीजी’ हे वाण अशाच गुणांमुळे नावाजलं. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती प्रतिजैविकांची चाचणी. जिवाणू औषधाला दाद देत नसेल, तर ती चिवट जनुकं तो शेजारच्या रोगजंतूला देऊ शकतो का, हे पाहावंच लागतं. आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच मागतात.

एवढं झालं तरी खरी परीक्षा माणसांवरच. त्याच नावाजलेल्या ‘जीजी’ची अमेरिकेत जुलाब झालेल्या 971 लहान मुलांवर चाचणी झाली. 2018 मध्ये निष्कर्ष आले; नकली औषधापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. उलट ग्रामीण ओडिशातल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम जातीचं एक वाण विशिष्ट साखरेसोबत आठवडाभर दिलं, तेव्हा सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण 9 वरून 5.4 टक्क्यांवर आलं (2017). ही बाळं पुरेशा वजनाची होती. म्हणून कमी दिवसांच्या, नाजूक बाळाला घरच्या घरी पुडी पाजू नका.

नेदरलँड्समधला अनुभव तर धडकी भरवणारा आहे. स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना अनेक जिवाणूंचं मिश्रण दिलं गेलं. त्या गटात 16 टक्के दगावले, मिश्रण न दिलेल्या गटात 6 टक्के. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी कॅप्सूल घेऊ नये.

बाकीच्यांनी पाकिटावर वाणाचं पूर्ण नाव किंवा क्रमांक शोधावा, आणि मुदत संपेपर्यंत जिवंत जिवाणूंची संख्या किती राहील तेही पाहावं. हे छापलेलं नसेल तर पैसे वाचवा. अँटिबायोटिकसोबत घ्यायचं असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. घरचं दही-ताक जरूर खा, मात्र त्याला औषध समजू नका. प्रत्येक घरच्या विरजणात जिवाणू वेगळे.

आणि मुलाला जुलाब लागले तर आधी ओआरएस आणि जस्त: सहा महिन्यांखालील बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावरील मुलांना 20, असं 14 दिवस. शौचात रक्त दिसलं, मूल सुस्तावलं किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.