भूमिका वठते कशी?

चैत्र लागला की गावोगाव जत्रा भरतात. जत्रेत रात्री नाटक असते. त्याआधी महिना-दोन महिने देवळाच्या सभामंडपात तालीम चालते. जेवणे आटोपली की मंडळी गोळा होतात. कुणी शेतावरून दमून आलेला असतो, कुणी दुकान बंद करून आलेला असतो. तालीम मास्तर सगळ्यांना सांभाळून घेतात.

अशा तालमी आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी एकच घाई दिसते. ती म्हणजे नक्कल पाठ करण्याची. नटाच्या वाट्याची भाषणे वहीत उतरवून घेतात, त्या वहीला नक्कल म्हणतात. नक्कल पाठ झाली की नाटक बसले, असे पुष्कळांना वाटते.

पण तेवढ्याने भूमिका वठत नाही. पाठांतर ही नुसती पहिली पायरी आहे. ज्या माणसाचे सोंग घ्यायचे, तो माणूस आधी नटाला ओळखीचा व्हावा लागतो. ती ओळख कशी करून घ्यायची, हे या पाठात पाहू.

आपल्याच तालुक्यातली गोष्ट

समजा, मुळशी सत्याग्रहावर नाटक बसवायचे ठरले.

ही गोष्ट आपल्याच मुळशीत घडली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले. मुंबईला वीज हवी होती. त्यासाठी मावळातली सुमारे ५० गावे आणि त्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. लोक म्हणाले, आम्ही जमीन सोडणार नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. बायाही मागे राहिल्या नाहीत. लोकांनी कामाच्या जागी बसून काम अडवले, मार खाल्ला, तुरुंग भोगला. हा लढा १९२४ पर्यंत चालला. शेवटी धरण झालेच. गावे बुडाली.

आता समजा, या नाटकात तुमच्याकडे एका मावळ्या शेतकऱ्याचे काम आले. एका प्रवेशात त्याची कारभारीण त्याला विचारते, ‘‘औंदा राब भाजायचा का न्हाई?’’

तो म्हणतो, ‘‘भाजायचा.’’

एवढेच. एकच शब्द. पाठ करायला क्षणही लागत नाही. पण तो म्हणायचा कसा?

आधी सगळे नाटक वाचा

पूर्वी पुष्कळ नटांना वाचता येत नसे. दुसरा सांगायचा आणि नट ऐकून पाठ करायचा. मग त्याला आपली भाषणे तेवढी ठाऊक असत. दुसऱ्यांच्या बोलण्यात काय आहे, याचा त्याला पत्ता नसे.

ज्याला वाचता येते, त्याने नुसती आपली नक्कल वाचू नये. सगळे नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे. दोनदा वाचावे. आपल्या माणसाबद्दल दुसरे काय बोलतात तेही पाहावे. मग एका कागदावर तीन प्रश्न लिहावेत.

हा माणूस कोण आहे?

त्याला काय हवे आहे?

त्याच्या आड काय येते आहे?

उत्तरे लगेच सुचणार नाहीत. जागा कोरी ठेवावी. तालीम होत जाते, तशी ती भरत जाते.

माणसाचा शोध

आपल्या शेतकऱ्याचा शोध तारखेपासून सुरू करू. सत्याग्रह चैत्रात सुरू झाला. चैत्रात मावळातला शेतकरी काय करीत असतो? राबाच्या मागे असतो. रान तोडून, शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून तो राब भाजतो. पावसाच्या तोंडाला तिथेच भात पेरतो. पुढे त्याच रोपांची लावणी होते.

म्हणजे राब भाजणे हे वर्षाच्या भाताचे पहिले काम. कंपनी सांगते आहे, ही जमीन बुडणार. तरी हा म्हणतो, भाजायचा. याचा अर्थ, मी पेरणार, मी लावणी करणार, मी इथून हलणार नाही. त्या एका शब्दात त्याचा सगळा सत्याग्रह आहे. हे तुम्हांला नक्कल सांगणार नाही. तारीख आणि शेत सांगेल.

आणखी पुढे जाऊ. जमीन कुणाच्या नावावर होती? मावळात पुष्कळ जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. कसणारा कुळ म्हणून कसत होता. भरपाईचे पैसे जमिनीच्या मालकाला मिळणार. मग कुळाच्या हातात काय राहणार? सावकारांपैकी पुष्कळांचा कल पैसे घेण्याकडे झुकला. कसणाऱ्याला पैशापेक्षा जमीनच हवी होती. तुमचा शेतकरी जर कूळ असेल, तर ‘भाजायचा’ म्हणताना त्याच्या पोटात भीतीही आहे. नुसता जोर नाही.

ही माहिती मिळवायची कुठून? १९२१ साली जे कर्ते होते, ते आता कुणी राहिलेले नाहीत. पण त्यांची नातवंडे-पतवंडे आहेत. घरात ऐकलेल्या गोष्टी त्यांना आठवतात. त्यांच्याकडे जाऊन बसावे. घाई करू नये, ऐकून घ्यावे. धरणाच्या काठी जाऊन उभे राहावे. हे पाणी आज घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे जाते. या पाण्याखाली खाचरे होती, हे मनात आणावे. त्या वेळच्या ‘केसरी’च्या अंकांत सत्याग्रहाच्या बातम्या आहेत. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास करून पुस्तक लिहिले आहे. गटात एकाने मोठ्याने वाचले तरी सर्वांना कळते.

मोठमोठे नटही हेच करतात. रशिया देशात मॉस्को शहरी स्तानिस्लावस्की नावाचे थोर नट आणि तालीम मास्तर होऊन गेले. १९०२ साली त्यांच्या मंडळीने गॉर्की या लेखकाचे एक नाटक बसवायला घेतले. त्यात घरदार नसलेल्या, अगदी तळाच्या माणसांचे जिणे होते. नट होते चांगल्या खात्यापित्या घरचे. मग ही मंडळी मॉस्कोच्या खित्रोव बाजारात गेली. तिथे रात्री निजायला येणाऱ्या गरिबांमध्ये बसली. ती माणसे काय नेसतात, कशी बोलतात, कशावर निजतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्या नाटकाचे नाव पुढे जगभर झाले.

हातपाय बोलतात

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. अंगाने करायचा तो आंगिक. वाणीने करायचा तो वाचिक. कपडे आणि रंगभूषा यांनी साधतो तो आहार्य. मनातला भाव आपोआप अंगावर उमटतो तो सात्त्विक.

पहिला घेऊ, आंगिक. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यात सिंधू ही दारुड्याची बायको आहे. घर धुळीला मिळते आणि ती दळण दळून दिवस काढते. सिंधूचे काम बालगंधर्व करीत. भरजरी शालू नेसून राणीचे काम करणे वेगळे आणि अशा गरीब बाईचे काम करणे वेगळे.

आपल्या बायांनी वर्षानुवर्षे जाते ओढले आहे. दळणारीचा खांदा कसा हलतो, घास कोणत्या हाताने टाकतात, हे त्यांना ठाऊक आहे. ज्याने जाते कधी धरले नाही, तो नट नुसता हात गरगर फिरवील. पुढे बसलेली म्हातारी लगेच ओळखील. ती हसेल. आणि सिंधूच्या दुःखात हसू आले की तो प्रवेश पडला.

तेव्हा राब भाजणाऱ्याचे हात पाहा. तो उकिडवा कसा बसतो, राख हाताला लागली की कुठे पुसतो, उठताना गुडघ्यावर हात ठेवतो का, हे पाहा. पाहून घरी करून बघा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. पाहायचे ते शिकण्यासाठी. गावातल्या कुणा एकाचे लंगडणे किंवा तोतरे बोलणे उचलून लोकांना हसवायचे, हे काम नव्हे. ज्याने आपल्याला शिकवले त्याचीच ती टवाळी होते.

आवाज

डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. डॉक्टरकी सोडून ते पूर्ण वेळ नाटकाकडे वळले. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ नाटकात त्यांनी म्हाताऱ्या गणपतराव बेलवलकरांचे काम केले. पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मध्ये झाला. तेव्हा लागूंचे वय होते ४३. म्हाताऱ्याचा आवाज म्हणजे नुसता कापरा आवाज, असे पुष्कळ नट समजतात. लागूंचा म्हातारा तसा एकसुरी नव्हता. तो गर्जत असे, थकत असे, मुलासारखा हळवाही होई. बोलण्याच्या या कलेवर त्यांनी पुढे ‘वाचिक अभिनय’ नावाचे पुस्तकच लिहिले.

आवाज श्वासावर चालतो. छातीत दम नसेल तर वाक्याचा शेवट गिळला जातो आणि मागच्या माणसाला ऐकू जात नाही. म्हणून मोठे वाक्य कुठे तोडायचे, दम कुठे घ्यायचा, हे नकलेवर पेन्सिलीने खूण करून ठेवावे.

आता ‘भाजायचा’ हा शब्द तीन तऱ्हांनी म्हणून पाहा. एकदा रागाने म्हणा. एकदा बायकोला धीर देण्यासाठी म्हणा. एकदा तिच्याकडे न बघता, थोडे थांबून म्हणा. तीन वेळा तीन वेगळी माणसे उभी राहतील. यांतला आपला कोणता, ते तालमीत ठरवायचे.

दुसऱ्या बाजूचा माणूस

कंपनीच्या साहेबाचे काम कुणालाच नको असते. ज्याच्या वाट्याला येते तो मिशा पिळतो आणि ओरडतो. लोकांना लटका राक्षस दिसतो. लटक्या राक्षसाशी लढणाऱ्याचे कसले मोठेपण?

निळू फुले आठवा. ते पुण्यात माळीकाम करीत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले. ‘एक गाव बारा भानगडी’ या १९६८ च्या चित्रपटात त्यांनी झेलेअण्णा उभा केला. पुढे पाटील, सरपंच, पुढारी असे कितीतरी दुष्ट लोक त्यांनी रंगवले. बायाबापड्या त्यांना खरोखरीच वाईट समजत. प्रत्यक्षात माणूस साधा आणि समाजासाठी झटणारा. त्यांचा दुष्ट माणूस फार ओरडत नसे. हळू बोलून, डोळे बारीक करून तो धाक घाली. गावात सत्ता कशी चालते, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून साहेबाचे काम करणाऱ्यानेही तेच तीन प्रश्न लिहावेत. त्याला वाटते, आपण मुंबईला वीज देतो आहोत, चांगलेच काम करतो आहोत. तो हे मनापासून बोलला, तर पाहणाऱ्याला लढा खरा वाटेल.

सेनापती बापटांचे काम त्याहून अवघड. विलायतेला शिकायला गेलेला हा तरुण तिथे बाँब करण्याची विद्या शिकला. तोच मुळशीत रिकाम्या हातांनी मावळ्यांबरोबर बसला. आणि १९२४ च्या अखेरीस, सगळे उपाय थकल्यावर, त्याने कंपनीची आगगाडी हत्यारानिशी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. या माणसाच्या मनात काय काय चालले असेल? दाढी लावली की बापट होत नाहीत.

तालमीचा क्रम

पहिले काही दिवस सगळ्यांनी बसून वाचावे. अडलेला शब्द विचारावा. मग उभे राहून हालचाली बसवाव्यात. कुठून यायचे, कुठे थांबायचे, हे ठरले की दर वेळी बदलू नये. दुसरा बोलत असताना आपण काय करायचे, याचीही तालीम करावी. पुष्कळ नट आपले भाषण संपले की खांबासारखे उभे राहतात. नट तो, जो ऐकतानाही शेतकरीच असतो.

शेवटी रंगीत तालीम. कपडे, रंग, पेटी-तबला, दिवे, सारे प्रयोगासारखे. धोतर नवे कोरे नेसू नका. राब भाजणाऱ्याचे धोतर राखेने मळलेले असते. खालून सांगणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. तो अडखळलेल्याला सावरतो. न शिकलेल्याला तो काय सावरणार?

मग प्रयोगाचा दिवस येतो. समोर कोण बसलेले असते? ज्यांची खाचरे बुडाली, त्यांचीच नातवंडे-पतवंडे तिथे बसलेली असतात. टाळीसाठी छाती पिटून रडलात तर ती टाळी देतीलही. पण आपला आजा असा नव्हता, हे त्यांना कळेल. आणि तुम्ही त्याला नीट ओळखून, त्याची राख हाताला लावून, हळूच ‘‘भाजायचा’’ म्हणालात, तर टाळी पडणार नाही कदाचित. सभामंडप गप्प होईल. भूमिका वठली, असे तेव्हा समजावे.

विचार करा आणि करून पाहा

१. नक्कल म्हणजे काय? ती पाठ झाली तरी काय राहते?

२. सत्याग्रह चैत्रात सुरू झाला, या माहितीचा नटाला काय उपयोग झाला?

३. कंपनीच्या साहेबाचे काम नीट का करावे?

४. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून जुन्या काळची एक गोष्ट ऐका आणि वहीत पाच ओळींत लिहा.

५. ‘भाजायचा’ हा शब्द तीन तऱ्हांनी म्हणा. ऐकणाऱ्यांना विचारा, शेतकरी कोणता?