ससा कुठे राहतो? परसबागेतून शिकलेला एक पाठ

इयत्ता : तिसरी ते पाचवी
विषय : परिसर अभ्यास, सोबत थोडं गणित आणि थोडी भाषा
जागा : शाळेची परसबाग. ती नसेल तर सोसायटीचा कोपरा किंवा शेताचा बांधही चालेल.



प्राण्यांची घरं हा घटक आपण सगळेच शिकवतो. गाय गोठ्यात, घोडा तबेल्यात, कोंबडी खुराड्यात आणि ससा बिळात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कार्यपत्रिकांमध्ये हेच असतं, तक्त्यांवरही हेच असतं. 2023 च्या पहिल्या सत्राच्या पेपरात मी रिकाम्या जागा दिल्या होत्या. त्यात 'ससा ______ राहतो' असं एक वाक्य होतं. तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं, 'गवतात'. मी लाल पेनाने फुली मारली आणि वर 'बिळात' असं लिहून दिलं. ती काही बोलली नाही. पेपर घडी करून दप्तरात ठेवला.

ही मुलगी चेण्याच्या बाजूच्या पाड्यावरून येते. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घोडबंदर म्हटलं की लोकांना ट्रॅफिक आठवतो. ते खरंच आहे, पण रस्त्याच्या एका अंगाला वसईची खाडी आणि दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. गावात पोर्तुगीजांनी बांधलेला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आहे. इथे घोड्यांचा व्यापार चालायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. एकीकडे टॉवर उभे राहतायत, तरी पाड्यांवर अजून भात, वाल, काकडी, शिराळी होतात. आमच्या शाळेत दोन्हीकडची मुलं आहेत. विसाव्या मजल्यावरच्या मुलाने ससा बघितलेला असतो तो पिंजऱ्यातला, पांढरा, गुलाबी डोळ्यांचा. पाड्यावरच्या मुलीने बघितलेला असतो तो पहाटे बांधावरून उडी मारून जाणारा, मातकट रंगाचा. शब्द मात्र दोघांचा एकच, 'ससा'. घोटाळा इथूनच सुरू होतो.

इंग्रजीत यांना दोन वेगळी नावं आहेत, 'रॅबिट' आणि 'हेअर'. पाळीव ससा हा युरोपातल्या रॅबिटचा वंशज. रॅबिट जमिनीत बीळ करतो, तिथे त्याची पिल्लं जन्मतात तेव्हा ती उघडी, बिनकेसांची आणि डोळे मिटलेली असतात. आपल्या रानातला ससा म्हणजे हेअर. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो, म्हणून त्याला काळ्या मानेचा ससा असंही म्हणतात. हा बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंग दाबून एक उथळ खळगा करतो आणि दिवसभर त्यातच कान पाठीवर टाकून पडून राहतो. आपण दोन पावलांवर येईपर्यंत हलत नाही. त्याची पिल्लं जन्मतात तीच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन. उघड्यावर जन्मणाऱ्याला मिटलेले डोळे परवडणार नाहीत, हे कारण मुलांना एका वाक्यात कळतं.

हे सगळं मला तो पेपर तपासताना माहीत नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेमागच्या शेतातलं गवत कापलं गेलं. चौथीतली तीन मुलं सशाचं पिल्लू घेऊन वर्गात आली. ते मुठीएवढं होतं. "बाई, एकटंच होतं, आई सोडून गेली त्याला." आम्ही सगळेच विरघळलो. बुटाचं खोकं आणलं, त्यात कापूस घातला. माझ्याच डब्याच्या झाकणातून आणि ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. मुलांनी त्याचं नावही ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खोकं उघडलं तेव्हा ते मेलेलं होतं. वर्गात दोन मुली रडत होत्या आणि मी त्यांना 'त्याला थंडी लागली असेल' असं काहीतरी सांगत होते.

नंतर एका वनरक्षकांशी बोलणं झालं. ते रागावले नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते रागावण्यापेक्षा जड गेलं. त्या पिल्लाला कुणी सोडलेलं नव्हतं. सशाची मादी दिवसभर मुद्दाम पिल्लापासून लांब राहते, म्हणजे तिच्या मागावर असलेलं जनावर पिल्लापर्यंत पोहोचत नाही. अंधार पडल्यावर ती येते, काही मिनिटं दूध पाजते आणि परत जाते. आम्ही ज्याला अनाथ समजलो ते फक्त संध्याकाळची वाट बघत होतं. गाईचं दूध अशा पिल्लांना पचत नाही. आणि रानससा पकडणं, पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

घरी येताना रिक्षात मला तो पेपर आठवला. 'गवतात.'

आता परसबागेकडे येते, कारण पुढचा भाग तिथेच घडला.

पोषण आहाराला जोडून परसबाग करायची म्हणून आम्ही शाळेमागे सहा वाफे केले आहेत. प्रत्येक वाफा दोन मीटर लांब, एक मीटर रुंद. पावसाळ्यात भेंडी, चवळी, काकडी, लाल माठ. थंडीत मुळा, मेथी, वाल. कोकणात जुन्या माणसांचा हिशेब नक्षत्रांवर चालतो. मृग 7-8 जूनला लागतो, पेरणी मृगावर. आमची शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे अगदी सोयीचं. कागदावर. 2023 मध्ये आम्ही शाळा उघडल्याबरोबर चवळी पेरली आणि मुंबईत मान्सून आला 25 जूनला. तोवर दाणे मुंग्यांनी आणि कबुतरांनी नेले. 2024 मध्ये मान्सून 9 जूनला आला, आम्ही खूश. 2025 मध्ये तो आला 26 मेला, आम्ही सगळे सुट्टीवर. मुंबईसाठी हवामान खात्याची सरासरी तारीख आहे 11 जून. या चार तारखा फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, 'सरासरीच्या किती दिवस आधी, किती दिवस उशिरा?' उत्तरं येतात : 14 दिवस उशिरा, 2 दिवस आधी, 16 दिवस आधी. 'सरासरी म्हणजे त्या दिवशी येतोच असं नाही' हे मी गणितात इतकी वर्षं सांगत होते, ते पहिल्यांदा मुलांना पटलं ते चवळीमुळे.

पाऊस मोजणंही करून बघा. सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, तळाशी खडे टाकून पाणी एका रेघेपर्यंत भरा. ती रेघ शून्य. तिथून वर पट्टी चिकटवा. बाटली उघड्यावर ठेवा, झाडाखाली नको. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे 40 मिलिमीटर पाऊस झाला तर आमच्या एका वाफ्यावर 80 लिटर पडलं. शाळेतली झारी आठ लिटरची आहे. "म्हणजे आज पावसाने दहा झाऱ्या घातल्या," असं पोरं स्वतःच म्हणतात. पट्टी वाचायची वेळ रोज एकच ठेवा, नाहीतर तुलना होत नाही. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात कुणीतरी बाटलीतलं पाणी ओतून टाकायचं विसरत होतं आणि पाऊस 'वाढतच' होता. त्यातूनही शिकणं झालं.

नक्षत्रांच्या वाहनांचा विषय निघाला तेव्हा एका मुलाने कॅलेंडर आणलं. वाहनं नऊ : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला, असा समज. हा अंदाज विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही, हे मी सांगितलं. पण आमच्या बाटलीच्या नोंदींशेजारी वाहनाचा रकाना करून दिला. ताडून बघू दे त्यांनाच. एकाने विचारलं, "बाई, यात ससा का नाही?" मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी तो आजीचं उत्तर घेऊन आला, "ससा पावसात भायेर पडतो व्हय?"

2025 च्या जूनमध्ये आम्ही शाळेत परतलो तेव्हा तीन आठवड्यांच्या पावसाने वाफे दिसत नव्हते. टाकळा आणि गवत गुडघ्यापर्यंत. साफसफाई करून चवळी टोकली, पण कुंपणाजवळचा एक पट्टा तसाच राहिला. आठ-दहा दिवसांनी चवळीची कोवळी रोपं गायब व्हायला लागली. मुलांचा पहिला संशय शेळीवर, दुसरा गोगलगायीवर, तिसरा सहावीच्या वर्गावर. मी म्हटलं, आधी पुरावा. मग आम्ही तपास केला, आणि हाच या पाठाचा मुख्य उपक्रम आहे.

शेळी पान ओढून खाते, देठ फाटका राहतो, कधी रोपच उपटून येतं. गोगलगाय पानाला वेडीवाकडी भोकं पाडते आणि वाळलेली चकचकीत रेघ मागे ठेवते. सशाने खाल्लेलं रोप मात्र कात्रीने तिरकं कापावं तसं दिसतं. उंदीर-घुशीही साधारण असंच कापतात, म्हणून तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही. लेंड्या बघायच्या. सशाची लेंडी गोल, जराशी चपटी आणि सुकल्यावर आत गवताचा भुसा दिसतो. ओल्या मातीत पाऊल उमटलं असेल तर अजून छान. ससा उडी मारतो तेव्हा मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. मुलं हे अंगणात स्वतः उड्या मारून बघतात. अर्धा तास जातो, जाऊ द्या. आम्ही संध्याकाळी वाफ्यावर राख आणि बारीक माती पसरून ठेवायचो आणि सकाळी प्रार्थनेनंतर बघायचो. पाऊस नसेल त्याच दिवशी हे जमतं.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगते. 'संध्याकाळी थांबून ससा बघू या' असा हट्ट मुलं धरतील. धरू द्या, थांबू नका. आमच्यासारख्या डोंगराच्या कडेच्या गावात ससा ज्या वेळी बाहेर पडतो, त्याच वेळी बिबट्याही बाहेर पडतो. सकाळी ठसे वाचा, तेवढं पुरे.

चौथ्या दिवशी ठसे मिळाले. आणि त्याच दिवशी, कुंपणाजवळच्या न कापलेल्या गवतात, पिल्लू दिसलं. ते पहिल्यांदा कुणाला दिसलं असेल? पेपरात फुली मिळालेली ती मुलगी आता पाचवीत होती. तिने हात लावला नाही. तोंडावर बोट ठेवून तिने मला बोलावलं.

यावेळी काय करायचं ते आम्हाला माहीत होतं. पिल्लू जखमी नव्हतं, त्यावर मुंग्या-माश्या नव्हत्या. म्हणून उचललं नाही. त्या बाजूला चार दिवस कुणी जायचं नाही असं ठरलं, शाळेत फिरणारं कुत्रं येऊ नये म्हणून गेट लावून घेतलं, शिपाईमामांना गवत कापू नका म्हणून सांगितलं. पालकांनो, तुम्हाला असं पिल्लू सापडलं आणि मुलांनी उचलून घरी आणलेलंच असेल, तर त्याच दिवशी होतं तिथेच परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, या समजुतीपायी ते घरात ठेवून घेऊ नका. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा. आणि घरातला पाळीव पांढरा ससा नकोसा झाला म्हणून जंगलात सोडू नका, तो तिथे टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी पिल्लू तिथे नव्हतं. मुलांनी मला घेरलं, "आईने नेलं ना, बाई?" रात्री मोठा पाऊस झाला होता, बाटलीत 62 मिलिमीटर होतं. ठसे सगळे धुऊन गेले होते. मी म्हटलं, मला माहीत नाही. नेलं असेल, स्वतःच सरकलं असेल, कोल्ह्या-मांजराने नेलं असेल. हे सांगताना मला 2023 चं 'थंडी लागली असेल' आठवत होतं. मुलं थोडा वेळ गप्प होती. मग एकाने वहीत तिन्ही शक्यता लिहून घेतल्या.

भाषेच्या तासाला याच धाग्यावर शब्द घेतले. 'ससेहोलपट' मुलांना लगेच कळला. 'सशाचं काळीज' म्हणजे भित्रेपणा, यावर वाद झाला : दोन पावलांवर माणूस आला तरी न हलणारा भित्रा कसा? 'सशाची शिंगं' म्हणजे नसलेली गोष्ट. चंद्रावर ससा दिसतो म्हणून चंद्र 'शशांक'. 'ससेमिरा' मात्र सशाचा नाही, बरं का. एका जुन्या संस्कृत कथेत शाप लागलेला राजपुत्र 'स-से-मि-रा' एवढंच बडबडत राहतो, ती चार श्लोकांची पहिली अक्षरं असतात, असा तो शब्द आला. मी स्वतः कित्येक वर्षं तो सशाचाच समजत होते.

चवळीचं म्हणाल तर सहापैकी दोन वाफे गेले. उरलेल्यांना बांबूच्या कामट्यांचं दाट कुंपण केलं. कडेचा एक वाफा 'त्याचा' म्हणून मोकळा ठेवायचा ठराव मुलांनी बहुमताने मंजूर केला. स्वयंपाकाच्या मावशींचं मत विरोधात होतं.

त्या मुलीचा जुना पेपर आता कुठून मिळणार? मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, की तिसरीत हिचं उत्तर बरोबर होतं आणि माझी फुली चूक होती. ती लाजली आणि म्हणाली, "बाई, मला तेव्हाच माहीत होतं." यंदाच्या पेपरात मी प्रश्न बदलला : 'आपल्या भागातला रानससा दिवसा कुठे लपतो?' एका मुलाने लिहिलं, 'कुंपणाजवळच्या गवतात. पण बाई, हे कुणाला सांगू नका.'