केझिकची सभा फुकट, पण तिथवर पोचायला किती?

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक या छोट्या गावात १८७५ पासून उन्हाळी ख्रिस्ती अधिवेशन भरते. पंडिता रमाबाई १८९८ साली तिथे गेल्या होत्या आणि भारतातल्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करा, अशी विनंती त्यांनी जमलेल्यांना केली होती. मिशनकार्याशी या सभेचे नाते जुने आहे. दक्षिण भारतात दोहनावूरला आयुष्य वेचणाऱ्या एमी कारमायकल यांना मिशनरी म्हणून पाठबळ मिळाले ते केझिकमधूनच. आपल्याकडचे पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, तरुण संघाची मुले 'एकदा जाऊन यायचे' म्हणतात आणि पुढचा प्रश्न विचारतात, किती लागतील?

सभेला शून्य. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तीन आठवडे चालणाऱ्या मुख्य सभांना तिकीट नाही, प्रवेशशुल्क नाही. खर्च अर्पणातून भागतो. तेव्हा 'केझिकची प्रतिनिधी नोंदणी' म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर तो पत्रव्यवहार तिथेच थांबवा. विमानाचे तिकीट आम्ही देतो, तुम्ही फक्त हॉटेलची अनामत भरा, अशी परदेशी परिषदेची बनावट निमंत्रणे पाळकांच्या ईमेलवर वर्षानुवर्षे येत आहेत. लेटरहेड, बिशपांचा फोटो, सगळे त्यात असते.

खर्च आहे तो वाटेचा आणि पलंगाचा. खालचे सगळे आकडे पौंड १२५ रुपये धरून काढले आहेत. तो वर गेला की हिशेबही वर जाईल.

पहिला खर्च व्हिसाचा, आणि नाकारला गेला तर परत न मिळणारा तेवढा हाच. ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाले, म्हणजे सुमारे १६ हजार रुपये. ब्रिटन हे दर बहुधा एप्रिलमध्येच बदलते, त्यामुळे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहावा. अर्ज ऑनलाइन; बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याच्या व्हिसा केंद्रात जावे लागते. तिथे एसएमएस, कुरिअर, आरामदायी प्रतीक्षाकक्ष असे जोडखर्च पुढे केले जातात. यांतले काहीही सक्तीचे नाही. दोन वर्षांचा व्हिसा घ्या, असा आग्रह एजंट करतात. त्याला जवळजवळ चौपट पैसे पडतात आणि एका वेळचा मुक्काम तरीही सहा महिन्यांपुरताच. एका सभेसाठी तो नको.

इथे एक अडचण आहे. नोंदणी नाही म्हणजे प्रतिनिधी म्हणून निमंत्रणपत्रही हातात नसते. मग व्हिसा अधिकाऱ्यापुढे काय ठेवायचे? राहण्याचे आरक्षण, रजेचा दाखला, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, आणि तुम्ही मंडळीत काय काम करता हे सांगणारे पाळकांचे साधे शिफारसपत्र. बँकेत अमुक इतकी शिल्लक हवी असा नियम नाही. तुमच्या मिळकतीत हा प्रवास बसतो का आणि तुम्ही परत याल का, एवढेच पाहिले जाते. म्हणून अर्जाच्या आठवड्यात मामांकडून तीन लाख खात्यात घेऊन ठेवणे ही सर्वांत वाईट युक्ती. मामा खर्च करणार असतील तर तसे पत्र द्यावे, सोबत त्यांचे स्टेटमेंट जोडावे. नकार आला तर या व्हिसाला अपील नसते. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क.

विमानाने मँचेस्टरला उतरावे, लंडनला नव्हे. दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे जाता येते. जुलै-ऑगस्टमधले येण्याजाण्याचे तिकीट ७० ते ९५ हजारांत मिळेल, असे धरून चाला. युरोपातल्या एखाद्या शहरामार्गे स्वस्त दिसले तर भारतीय पासपोर्टला तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे आधी पाहा. मँचेस्टर विमानतळावरूनच पेनरिथला थेट रेल्वे मिळते, सुमारे दोन तासांची. महिना-दोन महिने आधी ॲडव्हान्स तिकीट काढले तर येऊनजाऊन ७०-८० पौंडांत काम होते. स्टेशनवर ऐनवेळी काढले तर बरेच जास्त जातात. मात्र ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीचे असते. विमान उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत तीन तास ठेवा. पेनरिथहून केझिकला बस, पाऊण तासाची. इंग्लंडमध्ये साध्या बसप्रवासावर तीन पौंडांची कमाल मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे हा टप्पा किरकोळ.

आता पलंग. बजेट इथेच ढासळते. केझिक हे पर्यटकांचे गाव आहे, आणि अधिवेशनाचे तीन आठवडे त्याच्या ऐन हंगामात पडतात. वसतिगृहातला एक पलंग रात्री ३० ते ४० पौंड, नाश्त्यासह दोघांची खोली १०० ते १३० पौंड, असा अंदाज ठेवा. हंगामात भाड्याची घरे सहसा शनिवार ते शनिवार अशी पूर्ण आठवड्यालाच देतात. आठ जणांनी मिळून घर घेतले तर माणशी खर्च वसतिगृहाएवढाच येतो, वर स्वयंपाकघर मिळते. तिघेचौघे जाणार असाल तर माझे मत घराच्या बाजूने आहे. जानेवारीतच घ्यावे, आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशाच अटीवर. तिथल्या शाळांना सुट्टी लागते ती जुलैच्या शेवटी, त्यामुळे तीनपैकी पहिला आठवडा त्यातल्या त्यात सोपा. पेनरिथला स्वस्तात राहून रोज बसने येणे हिशेबात बरे दिसते, पण संध्याकाळची सभा संपल्यावर परतीची बस आहे का, हे पाहूनच ठरवा.

जेवणाला रोज २० पौंड पुरतात; सुपरमार्केटमधून ब्रेड, अंडी, फळे आणली आणि एकच वेळ बाहेर जेवले तर त्याहून कमी. बॅगेत चिवडा, भाजणी, मसाले न्यावेत. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच राहू द्या. वसईकरांच्या सुक्या मासळीला कायद्याची हरकत नाही. घरमालकिणीची असू शकते.

विम्याची व्हिसासाठी सक्ती नाही, तरी घ्याच. पाहुण्या रुग्णाकडून ब्रिटनची सरकारी रुग्णालये नेहमीच्या दराच्या दीडपट आकारतात. अपघात विभागातले तातडीचे उपचार तेवढे मोफत. तरुण माणसाला दहा दिवसांचा विमा दोन-तीन हजारांत मिळतो, साठीपुढे बराच महाग. आणि पावसाचे कपडे. इंग्लंडमधला सर्वांत ओला मुलूख म्हणजे हाच. कोकणातल्या माणसाला पावसाचे कौतुक नसेल, पण हा पाऊस थंड असतो. चांगला रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट इथूनच घेऊन जावेत.

आठ रात्रींचा हिशेब असा येतो. विमान ८० हजार, व्हिसा १६, रेल्वे-बस ११, वसतिगृह ३५, जेवण २०, विमा ३, कपडे आणि अडीअडचण १५. बेरीज एक लाख ८० हजार. खोली दोघांत वाटून घेतली तर दोन लाखांच्या घरात. एकट्याने स्वतंत्र खोली घेतली तर अडीच लाखांपर्यंत जाते. पासपोर्ट नसेल तर त्याचे दीड हजार वेगळे. डेबिट-क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी पडतो, म्हणून फॉरेक्स कार्ड बरे. रोख शंभरेक पौंड पुरेत.

गटाने जाणाऱ्यांनी पैसे प्रत्येकाच्या खात्यातून पाठवावेत. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा कर) लागत नाही. आठ जणांचे सगळे गटप्रमुखाच्या खात्यातून गेले तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि भुर्दंड त्याच्या पॅनवर बसतो. सहल कंपनीचे पॅकेज घेतले तर मात्र टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो. विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो, पण तोवर पैसे अडकतात.

तिथली एखादी मंडळी तुमचा खर्च उचलणार असेल, तर तिकीट तिनेच थेट काढून द्यावे. एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) नोंदणी नसलेल्या इथल्या चर्चच्या खात्यात परदेशातून पैसे मागवू नका. सभेनंतर प्रेमाने कुणी 'तुमच्या शाळेसाठी' म्हणून पाकीट हातात ठेवले, तरी तोच कायदा लागू होतो. नम्रपणे नाही म्हणावे. तुम्ही सरकारी नोकरीत असाल आणि यजमान परदेशी असेल, तर त्याच कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. कार्यालयाची रजा आणि ना हरकत पत्र ही त्याची जागा घेत नाहीत.

हे सगळे करून जावे का? नुसती प्रवचने ऐकायची असतील तर नको. ती इंटरनेटवर विनामूल्य ऐकता येतात. केरळातल्या मारामणला पंबा नदीच्या वाळवंटात फेब्रुवारीत भरणारे अधिवेशनही शतकाहून जुने आहे आणि रेल्वेच्या तिकिटात होते. पण दहा देशांतल्या मिशनकार्यकर्त्यांशी बसून बोलायचे असेल, परतल्यावर मंडळीत शिकवायची जबाबदारी असेल, तर दोन लाख वाया जात नाहीत. मंडळीच्या निधीतून पाठवायचे असेल तर एकाच माणसाला पाठवावे, आणि तो शक्यतो तरुण असावा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. जुलैच्या मध्यावर निघणाऱ्याने मुक्काम जानेवारीत धरावा, अर्ज एप्रिलच्या उत्तरार्धात भरावा आणि परत न मिळणारे विमानाचे तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढावे.