मजुरीचा माग : दिशा आपणच ठरवावी

भिवंडीत मजुरीवर कापड विणून देणारा यंत्रमागधारक कोणाचा नोकर नसतो, आणि पुरता मालकही नसतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. माग, जागा, विजेचे बिल आणि कारागिरांची मजुरी मात्र आपली. मंदी आली की असा धंदेवाला मिळेल तो बीम मागावर चढवतो. आज सुती, उद्या पॉलिस्टर, परवा तिसरेच काही. "आलेल्या कामाला नाही कसे म्हणायचे?" हा त्याचा सवाल. सवाल रास्त आहे. पण हे काम अखेर किती पदरात टाकते, तेही पाहिले पाहिजे.

एक साधा हिशेब मांडू. समजा, मजुरी दर पिकाला ६ पैसे ठरली आणि कापड ५२ पिकांचे आहे. मीटरला ३ रुपये १२ पैसे मिळाले. बारा तासांच्या पाळीत एका मागावर ४० मीटर निघाले, तर सुमारे १२५ रुपये झाले. क्वालिटी बदलली की बीम, रीड, पिकाचा गिअर बदलावा लागतो. त्यात एक पाळी गेली, तर ८ मागांवर जवळजवळ १००० रुपये बुडाले. भाडे थांबत नाही. शिवाय नव्या कामावर हात बसेपर्यंत कापडात दोष राहतात आणि मजुरीतून कपात होते.

म्हणून गेल्या सहा महिन्यांची वही उघडावी. प्रत्येक बीमपुढे चार गोष्टी लिहाव्यात : क्वालिटी कोणती, माग किती वेळ बंद राहिला, कपात किती झाली, पैसे किती दिवसांनी आले. जी क्वालिटी या चारही बाबतींत बरी ठरेल, तीच आपली वाट. ती पक्की धरावी; पण एकाच व्यापाऱ्यावर विसंबू नये. क्वालिटी एक, व्यापारी दोन-तीन, असा बेत ठेवावा. बाजारात "हे कापड अमक्याकडेच चांगले निघते" असे नाव झाले, की दर बोलताना आपल्या शब्दाला वजन येते.

कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्या चिलखताच्या कामाचा उल्लेख आहे. त्यांना कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञा झाली. पैगंबरांच्या हातच्या कारागिरीलाही माप लावले गेले, हे आपण ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट लेखी व्यवहाराची. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपल्याकडे मात्र दर आणि मुदत तोंडीच ठरते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागतात. जुलै २०२० पासून ही नोंदणी 'उद्यम' नावाने होते व तिला शुल्क नाही. उशिराबद्दल कायदा व्याजही देववितो. त्याविषयी आलिमांना विचारावे. आपली मजुरी वेळेवर मागण्याचा हक्क मात्र निःसंशय आपला आहे.

बांधवांनो, रोजी देणारा अल्लाह आहे. वही लिहिणे आपले काम आहे. येत्या जुम्याच्या सुट्टीत एवढे जरूर करावे. अल्लाह आपल्या कष्टांत बरकत देवो. आमीन.