जुन्या मालमोटारीचा डिझेलखर्च अकस्मात वाढल्यास

टंचाईच्या दिवसांत गावोगावी पाणी पोहोचविणाऱ्या जुन्या टँकरला एकाएकी अधिक डिझेल लागू लागले, की पहिला संशय चालकावर येतो. परंतु कोणावर ठपका ठेवण्यापूर्वी मोजणी होणे अगत्याचे आहे.

त्यासाठी टाकी काठोकाठ भरून टँकर नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या भाराने चालवावा व त्याच पंपावर टाकी पुन्हा भरावी. १२० किलोमीटरला ३० लिटर लागले, तर सरासरी लिटरमागे ४ किलोमीटर पडते. मीटरवरील अंतर रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहावे. मीटरच बिघडला असेल, तर हिशेब फसवा ठरतो.

इंजिनाची झीज हळूहळू होते. अकस्मात घट झाल्यास बहुधा एखादा नवा बिघाड असतो. म्हणून बिनखर्चाची तपासणी आधी करावी. टायरांतील हवा आणि डिझेलच्या नळ्यांची गळती पाहावी. फेरीनंतर एखादेच चाक अधिक तापत असेल, तर तेथील ब्रेक धरून राहत असण्याचा संभव असतो. काळा धूर तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेले नोझल सुचवितो. इंजिन-तेलाची पातळी वाढून त्यास डिझेलचा वास येत असल्यास वाहन तत्काळ थांबवावे. डिझेल पंप उघडण्याचे खर्चाचे काम शेवटी करावे.

एका वेळी एकच दुरुस्ती करून पुन्हा मोजणी करावी व ती लॉगबुकात नोंदवावी. अशा नोंदींमुळे खरा दोष सापडतो, चालकावर अन्याय होत नाही आणि तहानलेल्या गावाची फेरीही चुकत नाही.