ही फुंकर मारू नका

पिंगुळी गाव म्हटलं की कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी. ठाकर समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली; २०२१ साली इथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीसाठी लाकूड कोरणारा माणूस मधेच थांबून फुंकर मारतो, भुसा उडतो, कोरलेले नाक-डोळे नीट दिसू लागतात. लाकडाचा भुसाही निर्धोक नाही. पण मॉडेल बनवताना रेझिनचे भाग घासणारी मुलं तशीच फुंकर मारतात, ते बघून मला काळजी वाटते.

जहाजं, विमानं, रणगाडे यांची छोटी मॉडेल जुळवताना त्यातले बारीक भाग पुष्कळदा रेझिनचे असतात. साच्याची कड कानसीने, पॉलिश पेपरने काढावी लागते. पूड पिठासारखी मऊ येते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या पुडीतले अडीच मायक्रॉनहून बारीक कण दिसत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. फुंकर मारली की ती पूड तोंडासमोरच तरंगते आणि पुढच्याच श्वासाला आत जाते.

उपाय सोपा आहे: पाणी. वॉटर पेपर भिजवा, ताटलीत पाणी घ्या, भाग ओला ठेवूनच घासा. राहिलेला गाळ ओल्या फडक्याने टिपा, केरसुणी लावू नका. ते पाणी विहिरीजवळ ओतू नका. कोरडं घासणं टळतच नसेल तर एन-९५ मास्क नाकावर दाबून नीट बसवा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. आणि काम पडवीत करा. पावसाच्या चार महिन्यांत आपण खिडक्या लावून घेतो आणि मुलं झोपायच्या खोलीतच घासत बसतात. ते बंद करा.

द्रव रेझिन स्वतः ओतत असाल तर गोष्ट जास्त गंभीर आहे. मागे एक आई मुलाला घेऊन आली, म्हणाली, "डॉक्टर, हेचे हात बघा तरी." बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, बारीक फोड, पापण्या सुजलेल्या. मुलगा इपॉक्सी रेझिन उघड्या हाताने कालवत होता. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून नायट्राइलचे हातमोजे घाला, रेझिन लागलं की लगेच बदला. हाताला लागलंच तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने पुसू नका. थिनरने त्वचा आणखी उघडी पडते. पॉलियुरेथेन रेझिनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि एन-९५ मास्क त्याची वाफ अडवत नाही. घरात दम्याचा माणूस असेल तर हे काम घरात नकोच. थ्रीडी प्रिंटरचं न सुकलेलं रेझिनही उघड्या हाताने धरू नका.

भाग चिकटवायचा सुपरग्लू सुती कापडावर सांडला तर चटका बसेल इतका तापतो, म्हणून तो वापरताना सुती हातमोजे नकोत. बोटं चिकटली तर कोमट साबण-पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा, ओढू नका. डोळ्यात गेला तर पापण्या जबरीने उघडू नका, तडक दवाखाना गाठा.

एक खूण लक्षात ठेवा. कामाच्या दिवसांत रात्री खोकला येतो, छाती घट्ट होते आणि चार दिवस काम थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर वाट पाहू नका. डॉक्टरकडे जा आणि रेझिन, हार्डनर दोन्हींच्या लेबलांचे फोटो सोबत न्या. काय हाताळलंत ते कळलं तर आम्हाला उपचार लवकर ठरवता येतात.